रोही, ब्रॉडहेड आणि काकांची तार

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी टेक्ससहून मित्राचा फोन आला. आम्ही दोघं नांदेडला विष्णुपुरीच्या एसजीजीएसला एकाच बॅचला, एकाच होस्टेलला. तो एमएसला गेला, तिकडेच चिकटला. मी पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चिकटलो. असो. तर साहेब फार अस्वस्थ होते. ब्रॉडहेड कुठलं घ्यावं, फिक्स्ड की मेकॅनिकल, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं पातं. २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने जागतिक सुवर्ण मिळवलं ते याच कंपाऊंड धनुष्यावर, पण त्यांच्या बाणाचं टोक गोल, निमुळतं. कागदात भोक पाडण्यापुरतं. शिकारीच्या बाणाला ब्लेड असतात, दाढीच्या पात्याइतक्या धारेच्या.

मी विचारलं, "मारणार काय आहेस?"

म्हणाला, "नीलगाय."

म्हणजे आपली रोही! लातूर-नांदेडच्या पट्ट्यात जी रात्री तुरीत घुसते आणि सकाळपर्यंत शेंडे खुडून ठेवते ती. हा आमच्या अहमदपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा, आणि रोही मारायला दोन महिन्यांचं घरभाडं भरून दक्षिण टेक्ससच्या एका रँचवर जाणार! मला हसावं की रडावं कळेना. फोन ठेवताना तो म्हणाला, "तुमच्याकडं पण हे चालू करा ना बे. शिकाऱ्याकडून पैसे घ्या, शेतकऱ्याला द्या. पीक वाचेल, पैसा येईल. विन-विन."

सोमवारी हे ऑफिसात कँटीनला सांगितलं, तर टेबलवरचे चौघे एकदम, "शी! किती क्रूर! बाणाने?" आणि चौघांच्याही ताटात वरण होतं. तुरीचं.

दोन्हीकडून डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय. दोघांनाही एकेक उत्तर देणं आहे.

आधी रोही टेक्ससला पोचली कशी ते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १९२० च्या दशकापासून पुढे, तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य रँचवर प्राणिसंग्रहालयांमार्फत नीलगायी आणून सोडल्या. हवा कोरडी, झुडपं काटेरी, वाघ-बिबट्या नाही. आज दक्षिण टेक्ससमध्ये त्या तीस हजारांच्या वर असाव्यात असा अंदाज सांगतात. तिथल्या कायद्याने ती 'परदेशी' जात, त्यामुळे शिकारीचं लायसन्स काढलं आणि जमीनमालकाने हो म्हटलं की वर्षभर मारा, मोजदाद नाही. शिवाय गुरांना ताप आणणारी गोचीड ती अंगावर घेऊन फिरते, म्हणून सरकारलाही ती कमी झालेली हवीच आहे. थोडक्यात, आपल्याकडची उपद्रवी तिकडेही उपद्रवीच. फरक एवढाच की तिकडे ते तोंडाने कबूल करतात.

आता मित्राचा प्रश्न. इंजिनिअर माणूस, त्यामुळे मीही रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो :) आणि खरं सांगतो, प्रश्न मजेशीर आहे.

गोळी आणि बाण यांचं मारण्याचं तंत्रच वेगळं. शिकारी रायफलच्या गोळीत साडेतीन-चार हजार ज्यूल ऊर्जा असते. बाणात? हिशोब करून बघा. ४२० ग्रेनचा बाण म्हणजे साधारण २७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८५ मीटर. ऊर्जा भरते ९८ ज्यूल. गोळीच्या चाळिसाव्या भागाइतकी. म्हणजे बाण धक्क्याने मारत नाही, मारूच शकत नाही. तो कापतो. फुफ्फुसातून, हृदयातून आरपार गेला तर रक्तदाब कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत खाली बसतं. दुसरीकडे कुठे लागला, तर ते तास तास, कधी दिवस दिवस चालत राहतं.

म्हणून पातं महत्त्वाचं. मेकॅनिकल पातं उडताना मिटलेलं असतं, आदळलं की उघडतं, दोन दोन इंच रुंद जखम करतं. नेम सोपा, कारण हवेत ते पात्याला धरत नाही. पण उघडण्यात ऊर्जा खर्च होते, आणि तिरकं लागलं तर नीट उघडेलच याची खात्री नाही. फिक्स्ड पातं अरुंद, सव्वा इंचाच्या आतबाहेर, पण त्यात हलणारा भागच नाही. मूव्हिंग पार्ट्स जितके जास्त, तितके बिघडायचे रस्ते जास्त, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्यात वजनाचा भाग. एड ऍशबी नावाच्या अमेरिकनाने १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात मोठ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेऊन तपशीलवार नोंदी ठेवल्या. त्याचं म्हणणं असं की जाड हाडापर्यंत मजल मारायची तर बाण ६५० ग्रेनच्या पुढचा हवा. तेच धनुष्य घ्या, बाण ६५० ग्रेनचा म्हणजे ४२ ग्रॅमचा लावा. वेग घसरून ७० मीटर होतो. ऊर्जा १०३ ज्यूल, म्हणजे तितकीच. पण संवेग २.३ वरून २.९ वर जातो. सव्वा पटीहून जास्त! रोहीचा नर दोनशे-अडीचशे किलोचा, मानेपाशी नि खांद्यापाशी कातडं जाड. तेव्हा माझं मत एका ओळीत: रोहीसाठी जड बाण, मजबूत फिक्स्ड पातं, वस्तऱ्यासारखी धार, आणि अंतर कमी. मेकॅनिकलचं नाव काढू नये. मित्राला हेच कळवलं.

आणि हे कळवताना एक गोष्ट टोचली. ही माणसं एका जनावराला मारण्याआधी महिनोन्महिने काय करतात? ते किती सेकंदांत मरेल यावर वाद घालतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पात्याची किमान रुंदी, ७/८ इंच, कायद्यात लिहिलेली आहे. डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायची तर आधी नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते. शिकार आवडो न आवडो, पण मरणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी प्रश्न विचारतंय.

आपल्याकडे?

आपल्याकडे शिकार बंद. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, कलम ९. विषय संपला. कागदावर. आता रात्री दहानंतर कुठल्याही शिवारात या. आपली ब्रॉडहेड तीन. एक, क्लचवायरचा फास. दोन, कणकेच्या किंवा फळाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब, जो जबड्यात फुटतो. मे २०२० मध्ये केरळात पलक्कड जिल्ह्यात गाभण हत्तीण असंच काही खाऊन, जबडा फुटून, नदीत उभी राहून मेली तेव्हा देशभर हळहळ झाली. तशी फळं तिकडे रानडुकरांसाठी ठेवतात. डुकराचा जबडा फुटतो तेव्हा बातमी होत नाही, एवढंच. आणि तीन, तार. डीपीवरून आकडा टाकायचा, बांधाभोवती उघडी तार फिरवायची, आणि झोपी जायचं.

कायद्याची गंमत बघा. याच कायद्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे. त्यात बंदूक आहे, धनुष्यबाण आहे, आणि त्याच वाक्यात स्फोटकं, जाळी, विष, फास नि सापळेही आहेत. म्हणजे कायद्याला सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्याला, कँटीनमध्ये बसून.

तारेबद्दल मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरची तार होती.

तीन वर्षांपूर्वी काकांनी भुईमुगाला लावली. त्याआधी सगळं करून झालं होतं. बुजगावणं झालं, काकूच्या जुन्या साड्या बांधाभोवती बांधून झाल्या, फटाके झाले, माळ्यावर बसून दीड महिना जागल झाली. साठीचा माणूस रात्रभर डबा वाजवत बसायचा आणि दिवसा पाळी घालायचा. डुकरं हुशार, ती काका डुलकी घेईपर्यंत थांबायची. मी फोनवर शहाणपणा केला, "काका, तार डेंजर आहे." ते म्हणाले, "मंग तू ये की. तितं कॉम्प्युटरवर बसून डुकरं हाकलून दाखीव." मी गप्प बसलो. आपल्याला शनिवार-रविवारशिवाय वेळ नाही.

चौथ्या दिवशी पहाटे काकू चहा घेऊन शेतात गेली. काका विहिरीकडे होते. तारेपाशी आमचाच कुत्रा पडलेला. दात तारेवर. काकूने त्याला ओढायला हात घातला. ती आज आहे याचं कारण एकच, दहा मिनिटांपूर्वी लाईट गेली होती. ज्या लोडशेडिंगला आम्ही आयुष्यभर शिव्या घातल्या त्याने काकू वाचवली. काकांनी त्याच सकाळी तार गुंडाळली. त्या वर्षी भुईमूग गेला. घरात कुणी त्यावर बोललं नाही.

हे का होतं ते विद्युत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. २३० व्होल्टची एसी सतत वाहते. दहा-वीस मिलीअँपिअरला स्नायू आखडतात, सुटता येत नाही. ओल्या जमिनीवर शरीरातून त्याच्या कितीतरी पट प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडते. तारेला समोर डुक्कर आहे, कुत्रं आहे, की पाणी द्यायला निघालेला शेजारचा पोरगा, हे कळत नाही. मराठवाड्यात अशा तारेने माणसं गेल्याच्या बातम्या नवीन नाहीत. मग तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. म्हणजे एक शेतकरी मेला, दुसरा तुरुंगात, आणि डुकरं पुढच्या शेतात.

तर आता मित्रा, तुझं विन-विन.

पहिली गोष्ट, नेम. अमेरिकेत मेरीलँडच्या एका नौदल तळावर बाणाच्या शिकारीच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. शिकारी परीक्षा देऊन आलेले, धनुष्यं उत्तम. तरी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के सापडलीच नाहीत. पाचात जवळपास एक! २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल सिंहाला बाण लागला, तो संशोधकाच्या अंदाजानुसार दहा-बारा तास जिवंत होता. ही पैसेवाल्या, वाटाड्या सोबत असलेल्या शिकाऱ्याची गोष्ट. ब्रिटनने १९८१ च्या कायद्यात जंगली जनावरांवर धनुष्यच बंद केलं, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट, जमीन. तुझी रँच लाखो एकरांची, मालक एक. बाण लागल्यावर रक्ताचा माग काढत तासभर चालायचं, हा त्या शिकारीचा अर्धा भाग. आपल्याकडे दोन-तीन एकरांचे तुकडे. तासाभरात माग बारा जणांच्या बांधावरून जाणार, छातीएवढ्या तुरीतून, आणि त्या तुरीत खुरपणाऱ्या बायका बसलेल्या. जखमी रोही बाराव्या शेतात पडली तर पंचनामा कुणाच्या नावाने? शिवाय त्याच शिवारात काळवीट फिरतं, जे पहिल्या अनुसूचीत आहे. अंधारात सावली बघून बाण सोडणाऱ्याला तू हा फरक शिकवणार?

तिसरी गोष्ट, माणसं. एकदा पैसे देऊन शिकार सुरू झाली की धनुष्य कोण आणणार? माझे काका? लाखभराचं कंपाऊंड धनुष्य? नाही. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून गाड्या येणार. काका त्यांना पाणी देणार नि वाट दाखवणार. ज्याचं पीक गेलं तो वाटाड्या, आणि ज्याला थ्रिल हवं तो पाहुणा. राजांनी हेच केलं. लातूरच्या सीमेपलीकडे कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' झाला. त्यात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी, म्हणजे करमणुकींपैकी एक आहे. तो राजा होता, ठीक. आपण पीक वाचवायच्या नावाखाली करमणूक विकू नये. पीक वाचवणं हे काम आहे. कामाला माणूस लागतो तो ज्याला थ्रिल येत नाही असा.

आणि कँटीनवाल्यांनो, तुम्ही. बिहारने मागणी केली, केंद्राने नीलगाय नि रानडुक्कर उपद्रवी ठरवलं, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादच्या शूटरने काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. तेव्हा एक केंद्रीय मंत्री दुसऱ्या केंद्रीय मंत्र्यावर जाहीरपणे तुटून पडल्या. टीव्हीवर आठवडाभर रक्त. मान्य, ते दृश्य वाईटच होतं. पण त्या आठवड्यात कुणी विचारलं का, की त्याआधी तिथले शेतकरी पिकं सोडून का देत होते? नावात 'गाय' आहे म्हणून निम्मा देश हळवा होतो. ती गाय नाही, कुरंगांमधली जात आहे. तिचं नाव आपल्याकडे रोही आहे, आणि हे नाव ठेवणाऱ्यांना ती काय आहे ते चांगलं ठाऊक होतं.

"मारू नका" म्हणायला पैसे पडत नाहीत. तुमच्या "मारू नका"चा खर्च कुणीतरी माळ्यावर बसून भरतो. आणि तो थकला की मारतोच, फक्त अंधारात, सगळ्यात वाईट हत्याराने, तुम्हाला दिसणार नाही असा. तुमचे हात स्वच्छ राहतात कारण तार काकांची असते.

मग करायचं काय? फुकटच्या टीकेचा मलाही कंटाळा आहे, म्हणून सांगतो.

एक. कुंपण, पण खरं. झटका मशीन म्हणजे काकांची तार नव्हे. त्यात सेकंदाला एखादा अगदी छोटा ठोका बसतो आणि मधे खंड असतो, सुटायला. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका ठोक्यात जास्तीत जास्त ५ ज्यूल. मघाच्या बाणाच्या विसाव्या भागाइतके. जनावर घाबरतं, मरत नाही. पण एकट्याने लावलं तर कळप शेजाऱ्याकडे जातो. ते गावाने मिळून, शिवाराला लावायला हवं. आणि इथे आपली नेहमीची रड: सौर कुंपणाला अनुदान देणाऱ्या जन-वन विकास योजनेची मूळ रचना अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी. किनवट-माहूरकडे पैनगंगेचं जंगल तरी आहे. लातूर जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच. म्हणजे जंगल नाही म्हणून योजना नाही, आणि रोही मात्र आहे! रोहीने योजनेचा नकाशा वाचलेला नाही.

दोन. विमा. १८ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केलं की खरीप २०२६ पासून जंगली जनावरांनी केलेलं नुकसान पीक विम्यात धरलं जाईल. चांगलं आहे. पण ७२ तासांत ऍपवर लोकेशनसकट फोटो टाकायचा आहे. मी ऍपच बनवतो, म्हणून छातीठोक सांगतो, ज्याने हे लिहिलं त्याने ते पावसाळ्यात, टू-जी रेंजमध्ये, साठीच्या माणसाच्या हातात देऊन टेस्ट करावं. गावागावांतल्या इंजिनिअर पोरांनो, पहिल्या हंगामात आपल्या घरचा क्लेम आपण भरून द्या. एवढं तरी जमेल.

तीन. पकडणं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून, नरसाळ्यासारख्या आडोशात घेऊन, नऊशेहून जास्त काळवीट नि नीलगायी पकडल्या आणि अभयारण्यांत हलवल्या. आपल्याला जमणार नाही असं त्यात काय आहे?

चार. आणि हे करूनही मारावं लागलं, तर उघड मारा. कलम ११ मध्ये सोय आहे: दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर, रोही आणि डुक्कर त्यातलेच, उभ्या पिकाला धोका झालं तर वनाधिकारी कारणं लिहून लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी शेतकऱ्याच्या हातात कागद म्हणून ठेवू नका, सोबत प्रशिक्षित नेमबाज द्या, रायफल द्या, प्रत्येक गोळीची नोंद ठेवा. केरळने मे २०२२ मध्ये डुकरांसाठी ग्रामपंचायतींच्या प्रमुखांना अधिकार दिले तेव्हा सोबत लिहिलं, विष नाही, स्फोटक नाही, वीज नाही. बस, हेच. हत्यार कुठलं, हा प्रश्न सरकारी कागदावर आला.

माझा एवढाच मुद्दा आहे. टेक्ससहून धनुष्य आणू नका. तो प्रश्न आणा. जनावर किती सेकंदांत मरेल, आणि नाही मेलं तर मागे कोण जाईल?

गेल्या रविवारी मित्राचा पुन्हा फोन आला. माझं ऐकून फिक्स्ड पातं घेतलं होतं. तीन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी पस्तीस यार्डांवर नर आला, पण अर्धवट पाठमोरा उभा राहिला. खांद्यामागची जागा दिसेना. याने पाच मिनिटं धनुष्य अर्ध्यावर धरलं, आणि खाली ठेवलं. रोही निघून गेली. दोन महिन्यांचं घरभाडं पाण्यात.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"नाही बे," म्हणाला. "चुकीची लागली असती."

त्याच्यावरचा अर्धा राग तिथेच उतरला. कारण काकांच्या तारेला हे कधीच जमलं नसतं. समोर कोण उभं आहे ते बघून थांबणं.

असो. पुढच्या शनिवारी गावी चाललोय. काकांसोबत गावातल्या आठ जणांना बसवून झटका मशीनचा हिशोब मांडायचा आहे. आठातले पाच एकमेकांशी बोलत नाहीत. रोहीपेक्षा ते अवघड आहे.